काळ्या पँथरचे मूळ गाव

दलित पँथर हे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्या वस्तीत सापडणे कठीण. १९७२ साली मुंबईत ही संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या तरुण संस्थापकांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरून हे नाव घेतले, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. पण अमेरिकेतल्या त्या तरुणांना हे नाव कुठे मिळाले, असे विचारले तर भले भले जाणकार विचारात पडतात.

ते नाव आले एका अगदी मागासलेल्या, कापूस पिकवणाऱ्या खेड्यापाड्यांच्या मुलखातून. तिथल्या शेतकऱ्यांनी, मजुरांनी आणि घरकाम करणाऱ्या बायकांनी मतदार यादीत आपली नावे घालण्यासाठी एक मंडळ काढले होते. काळा पँथर ही त्या मंडळाची निवडणुकीची निशाणी होती. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांनी चित्र पाहून मत द्यावे म्हणून ती घेतली होती. मंडळाचे हे काम कसे चालले, त्याचे पुढारीपण कोणी केले आणि त्यासाठी लोकांनी काय किंमत मोजली, हे वाचकांनी मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. आपल्या वस्तीतही असे मंडळ असावे, असे ज्यांना वाटते त्यांनी तर जरूर.

यादीत एकही नाव नाही

अमेरिकेच्या दक्षिण भागात आलाबामा नावाचे राज्य आहे. त्या राज्यात लाउंड्स ही एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. १९६५ साली तिथली वस्ती सुमारे पंधरा हजार होती आणि त्यातले पाचांपैकी चार लोक कृष्णवर्णीय होते. असे असूनही त्या वर्षाच्या सुरुवातीला काउंटीच्या मतदार यादीत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नव्हते!

कायदा त्यांच्या बाजूने नव्हता काय? होता. वंशावरून किंवा वर्णावरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, अशी दुरुस्ती अमेरिकेच्या घटनेत १८७० सालीच झाली होती. परंतु कागदावरचा हक्क हातात पडू नये यासाठी गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी नाना युक्त्या केल्या होत्या. नाव नोंदवण्याची कचेरी महिन्यातून दोनच सोमवारी उघडे. अर्जदाराला वाचनाची आणि राज्यघटनेची परीक्षा द्यावी लागे. पास की नापास, हे समोर बसलेला गोरा अधिकारी ठरवी. आधीपासून यादीत असलेल्या मतदाराची साक्ष आणा, असेही अनेक वर्षे सांगितले जाई. ज्या समाजाचा एकही माणूस यादीत नाही त्याने साक्षीदार आणायचा कुठून?

आणि एवढे करूनही कोणी कचेरीची पायरी चढलाच, तर ती बातमी संध्याकाळच्या आत जमीनमालकाच्या कानावर जाई. बहुतेक जमीन गोऱ्यांची. काळी कुटुंबे ती बटईने कसत आणि मालकाच्याच झोपडीत राहत. मालक चिडला की शेत गेले, घर गेले आणि दुकानातली उधारीही गेली. मारहाण आणि खून यांची भीती वेगळी होतीच. त्या मुलखाला लोक ‘रक्तरंजित लाउंड्स’ म्हणत, ते उगीच नव्हे.

एकटा गेला तर परत पाठवतात

जॉन ह्यूलेट हा याच मातीतला माणूस. जन्म १९२७ चा. तरुणपणी तो बर्मिंगहॅम शहरात ओतकामाच्या कारखान्यात कामाला होता. तिथे कामगार संघटना त्याने पाहिली आणि रेव्हरंड फ्रेड शटल्सवर्थ यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतही भाग घेतला. १९५९ साली तो गावी परत आला. तो मोठा वक्ता नव्हता, पदवीधर नव्हता. पण एक गोष्ट त्याने शहरातून बरोबर आणली होती. माणसे एकेकटी गेली की परत पाठवली जातात, दहाजण मिळून गेले की निदान उत्तर तरी द्यावे लागते, हे त्याला कळले होते.

१ मार्च १९६५, महिन्याचा पहिला सोमवार. ह्यूलेट आणि त्याच्याबरोबर तीन-साडेतीन डझन स्त्री-पुरुष हेनव्हिल या काउंटीच्या मुख्य गावी कचेरीत गेले. त्यांची नोंदणी झाली नाही. दोन आठवड्यांनी ते पुन्हा गेले. या वेळी नोंदणीची जागा बदलून जुन्या तुरुंगाच्या इमारतीत नेली होती. लोक बिचकावेत यासाठी याहून चांगली जागा कोणती? तरीही ते तिथे गेले. त्या दिवशी दोघांचा अर्ज मान्य झाला. एक स्वतः ह्यूलेट आणि दुसरे जॉन लॉसन नावाचे अंध धर्मोपदेशक.

शून्याचे दोन झाले. त्यानंतर काही दिवसांतच, १९ मार्चला, या मंडळींनी रीतसर संघटना स्थापन केली. अध्यक्ष ह्यूलेट आणि सचिव लिलियन मॅकगिल ही महिला. दर आठवड्याला एखाद्या चर्चमध्ये सभा भरू लागली. पगारी नोकर कोणी नव्हते. ज्याच्याकडे गाडी तो गाडी देई, ज्याला अक्षरओळख तो दुसऱ्याला शिकवी.

घर देणारे, गाडी देणारे

त्याच महिन्यात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली सेल्मा ते माँटगोमेरी असा इतिहासप्रसिद्ध मोर्चा निघाला. त्याची वाट लाउंड्समधूनच जात होती. २५ मार्चला मोर्चा संपला आणि त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीने पोहोचवणाऱ्या व्हायोला लिउझो या गोऱ्या महिलेला क्लू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी लाउंड्सच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या.

मोर्चा गेला, वर्तमानपत्रवाले गेले. मागे राहिली लाउंड्सची माणसे. अशा वेळी स्टोकली कार्मायकेल आणि विद्यार्थी चळवळीतले त्यांचे काही सोबती इथे मुक्कामाला आले. या पोरांना भाड्याने घर द्यायला कोण धजणार? मॅथ्यू जॅक्सन यांच्या कुटुंबाने आपले एक घर त्यांना राहायला दिले. घरात पाणी नव्हते, पण छप्पर होते. बाहेरून आलेले हे तरुण दारोदार फिरत, पण सभेचे अध्यक्षपद मात्र गावच्या माणसाकडेच असे. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पाहुणा कितीही मोठा असला तरी तो एक दिवस निघून जातो, शेजारी मात्र शेजारीच राहतो.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा नवा कायदा मंजूर झाला. वाचनाच्या परीक्षा बंद झाल्या आणि केंद्र सरकारचे अधिकारी नावे नोंदवण्यासाठी थोड्याच दिवसांत लाउंड्समध्ये आले. रांगा लागल्या. पण २० ऑगस्टला हेनव्हिलमध्ये जोनाथन डॅनियल्स या गोऱ्या धर्मशिक्षणार्थी तरुणाचा भरदिवसा खून झाला. रूबी सेल्स नावाच्या कृष्णवर्णीय मुलीवर रोखलेली बंदूक पाहून त्याने तिला बाजूला ढकलले आणि गोळी स्वतःवर घेतली. गोळी झाडणाऱ्याला सर्वच्या सर्व गोऱ्या पंचांनी निर्दोष सोडले.  मतदार यादीत नाव नसले की न्यायालयातही आपला माणूस बसत नाही, हे लोकांना यातून उमगले.

तंबूतली दोन वर्षे

मंडळाची खरी परीक्षा त्या हिवाळ्यात झाली. ज्यांनी नावे नोंदवली त्यांना डिसेंबर १९६५ पासून मालकांनी जमिनीवरून काढायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या झोपडीत राहिले तिथून लेकराबाळांसह बाहेर!

अशा वेळी भाषणे कामाला येत नाहीत. ‘तुमच्या सांगण्यावरून नाव घातले, आता आम्ही निजायचे कुठे?’ या प्रश्नाला पुढाऱ्याकडे उत्तर हवे. मंडळाने आणि विद्यार्थी कार्यकर्त्यांनी मिळून ऐंशी नंबरच्या महामार्गालगत थोडी जमीन मिळवली आणि तिथे तंबू ठोकले. थंडी, चिखल आणि रात्री रस्त्यावरून येणाऱ्या गोळ्या, अशा हालात ही कुटुंबे दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिली. हळूहळू त्यांच्यासाठी कामाची आणि पक्क्या घरांची सोय लावली गेली. आज त्या जागी अमेरिकन सरकारने स्मारक-संग्रहालय उभारले आहे.

मतदार मंडळाचा कार्यकर्ता लोकांना रांगेत उभे करतो, तेव्हा रांगेतून बाहेर पडल्यावर त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. लाउंड्सच्या मंडळाने ती पत्करली, म्हणूनच लोक त्याच्याबरोबर टिकले.

निशाणी

नावे तर आली. आता मत द्यायचे कोणाला? आलाबामात डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्य होते. त्याची निशाणी पांढरा कोंबडा, आणि त्या निशाणीवर १९६६ सालापर्यंत ‘गोऱ्यांचे वर्चस्व’ अशी अक्षरे छापली जात. या पक्षातून उभे राहावे म्हटले, तर लाउंड्समधल्या पुढाऱ्यांनी उमेदवारीची फी पन्नास डॉलरवरून पाचशे डॉलर केली. बटईदाराच्या घरात पाचशे डॉलर कुठले?

तेव्हा कार्यकर्त्यांनी राज्याच्या कायद्याची पुस्तके उघडली. त्यांना एक जुने कलम सापडले. त्यानुसार एका काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येत होता आणि निवडणुकीत पाचवा हिस्सा मते मिळाली की त्याला मान्यता मिळत होती. न वाचता येणाऱ्या मतदारांसाठी पक्षाला निशाणी मात्र हवी होती. असा १९६६ साली ‘लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन’ हा पक्ष जन्माला आला. निशाणीसाठी अटलांटातल्या कृष्णवर्णीयांच्या एका महाविद्यालयाच्या खेळसंघाचे चिन्ह पसंत पडले. ते म्हणजे काळा पँथर. हा प्राणी होऊन कोणाच्या वाटेला जात नाही, पण कोपऱ्यात कोंडला की जिवाच्या कराराने बाहेर येतो, असा त्याचा अर्थ ह्यूलेट समजावून सांगत.

आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्ती होती. अक्षर न ओळखणाऱ्या आपल्या आजी-आजोबांनीही चित्र पाहूनच मत दिले होते.

निशाणीबरोबरच शिकवणीही सुरू झाली. शेरीफ म्हणजे निवडून येणारा पोलीसप्रमुख. त्याचे अधिकार कोणते? कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने मोठ्या जमीनदाराची जमीन स्वस्त दाखवली तर शाळेला पैसा कसा कमी पडतो? शाळा मंडळ काय करते? हे सारे सोप्या चित्रांच्या पुस्तिकांमधून समजावले जाई. जे काम आजवर ‘साहेबांचे’ होते ते आपल्यालाही करता येईल, असे लोकांना वाटू लागले. ३ मे १९६६ रोजी उमेदवार निवडायची सभा ठरली. कचेरीच्या आवारात ती शेरीफने होऊ दिली नाही, म्हणून अर्ध्या मैलावरच्या चर्चमध्ये ती भरली. नऊशेच्या आसपास लोकांनी मते देऊन सात उमेदवार निवडले. त्यांत अ‍ॅलिस मूर आणि विली मे स्ट्रिकलंड या दोन महिला होत्या.

पराभवाचा हिशेब

८ नोव्हेंबर १९६६ रोजी मतदान झाले. पँथरच्या चित्रापुढे मत द्या आणि थेट घरी जा, एवढेच लोकांना सांगितले होते. जमीनमालकांनी आपले मजूर गाड्यांत घालून आणले आणि गोऱ्या उमेदवारांना मते द्यायला लावली. सातही उमेदवार पडले.

पण ह्यूलेट आणि त्यांचे सहकारी मतांची बेरीज घेऊन बसले. कायद्याने मागितलेल्या पाचव्या हिश्शाहून कितीतरी अधिक मते प्रत्येकाला मिळाली होती. वीस महिन्यांपूर्वी ज्या यादीत एकही नाव नव्हते तिथे आता मान्यताप्राप्त पक्ष उभा होता. दरम्यान निशाणी काउंटीबाहेर पोहोचली होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तेच नाव घेऊन आपली संघटना काढली. त्यानंतर सहाच वर्षांत ते नाव मुंबईच्या वस्त्यांत आले.

लाउंड्समध्ये काम चालूच राहिले. १९७० साली जॉन ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आला आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिला. ज्या कचेरीतून एकेकाळी त्याला हात हलवत परत यावे लागले होते, त्याच गावात.

मतानंतरची लढाई

इथे गोष्ट गोड करून संपवली तर ती खोटी ठरेल. लाउंड्समधली गरिबी संपली नाही. तिथल्या अनेक घरांना आजही मैलापाण्याची धड सोय नाही. घाण अंगणात साचते. याबाबत २०२३ साली केंद्राच्या न्याय खात्याने आलाबामाच्या आरोग्य खात्याशी करार केला, तो २०२५ साली नव्या सरकारने रद्द केला. १९६५ च्या मताधिकार कायद्यातली महत्त्वाची तरतूद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निष्प्रभ केली. जुन्या मुलखांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे, ती अट त्यामुळे गेली. एकदा मिळवलेला हक्क राखावाही लागतो.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच इशारा दिला होता. राजकारणात एक माणूस एक मत अशी समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल, असे त्यांनी बजावले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाशी आपल्या प्रश्नाचे साम्य त्यांनी जाणले होते. १९४६ साली त्यांनी तिथले थोर विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून ते कळवलेही होते.

आपली यादी, आपले मंडळ

लाउंड्सच्या लोकांना जे रक्त सांडून १९६५ साली मिळाले, ते आपल्याला २६ जानेवारी १९५० च्या संविधानाने दिले. परीक्षा नाही, मालमत्तेची अट नाही, स्त्री-पुरुष भेद नाही. पण ते आपोआप आलेले नाही. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला. १९२८ साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत मागितले. तेव्हा हे मागणारे देशात किती होते?

मग आज मतदानाच्या दिवशी आपल्याच वस्तीतली माणसे ‘यादीत नाव नाही’ म्हणून का परततात? लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहते. ऊसतोडीला गेलेले कुटुंब पडताळणीच्या वेळी घरी नसते. भाड्याची खोली बदलली, पण पत्ता बदलला नाही. कोणाचे नावच चुकीचे छापले जाते. हातात ओळखपत्र असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हे अनेकांना त्या दिवशीच कळते. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवे नाव घालता येत नाही.

हे काम वस्तीतले पाच-सहा जण सहज करू शकतात. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, आपल्या केंद्राची मतदार यादी मिळवा आणि घराघरांत जाऊन ताडून पाहा. नवे नाव घालायला फॉर्म ६ आणि पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला फॉर्म ८ असतो. अठरा पूर्ण होणाऱ्या मुलामुलींसाठी आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. चौकशीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

दोन, आपल्या भागाचा बीएलओ कोण, हे माहीत करून घ्या. अर्ज दिला की पोच घ्या आणि नाव आले की नाही ते पुन्हा पाहा.

तीन, आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल तर भांडण न करता केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. ती मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

चार, ग्रामपंचायत काय करते, नगरसेवकाचे काम कोणते, हे निवडणूक नसताना सभेत समजावून सांगा. नळ, गटार आणि शाळेचा प्रश्न कोणाच्या दारात न्यायचा हे कळलेला मतदार पाचशेच्या नोटेला भुलत नाही.

पाच, मंडळाने कोणत्याही पक्षाचा पैसा घेऊ नये, आणि कोणावर मतामुळे संकट आले तर त्याला एकटे सोडू नये.

या कामात महिला मंडळांनी पुढाकार घ्यावा. कोणाच्या घरी नवी सून आली, कोणाची मुलगी अठराची झाली, कोणती म्हातारी केंद्रापर्यंत चालू शकत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असते?

जॉन ह्यूलेटकडे सुरुवातीला ना पैसा होता, ना पद. होती ती महिन्यातल्या दोन सोमवारांची माहिती आणि बरोबर यायला तयार असलेली शेजारची माणसे. आपल्याकडे तर विहार आहे, मंडळ आहे आणि शिकलेली पोरे आहेत. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की सतरंजी तशीच राहू द्या, मतदार यादी पुढे घ्या आणि पहिल्या घरापासून नावे वाचायला सुरुवात करा.